हिशेबाचे जुने कागद स्कॅन करून रद्दीत घालावेत का? कायदा नेमकं काय मागतो?

भोसरीवाला:
नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत आमचं शीटमेटलचं छोटं युनिट आहे, प्रायव्हेट लिमिटेड. शिवाय वडिलांच्या वेळेपासूनची रविवार पेठेतली हार्डवेअरची भागीदारी पेढीही चालू आहे. पेठेतला वाडा आता पुनर्विकासाला जातोय आणि माळा रिकामा करायचाय. माळ्यावर काय नाही! लाल कापडी बांधणीच्या रोजकीर्दी, खतावण्या, बिलांच्या बॉक्स फाइल, पगारपत्रकं, जकातीच्या पावत्यासुद्धा.

धाकटा भाऊ म्हणतो, सगळं स्कॅन करू, ड्राइव्हवर टाकू आणि टेम्पो भरून रद्दीवाल्याला देऊ. वडील म्हणतात, एक कागद हलवायचा नाही. मला दोघांच्या मध्ये उभं राहायचंय, म्हणून कायदा समजून घ्यायचाय. किती वर्षं ठेवायचं? नुसतं कॉम्प्युटरवर ठेवलेलं चालतं का? आणि चालत असेल तर कुठे आणि कशा स्वरूपात? ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी लिहावं.

रास्तापेठकर:
वडिलांचं ऐका.

ताळेबंद:
मी सीए आहे, गेली बरीच वर्षं सदाशिव पेठेत प्रॅक्टिस. सविस्तर लिहिते, कारण या विषयावर ऐकीव माहितीच जास्त फिरते.

तुमच्या दोन संस्था आहेत आणि दोघींना लागू होणारे कायदे सारखे नाहीत. हे आधी वेगळं करा.

कंपनीला कंपनी कायदा २०१३ चं कलम १२८ लागू. चालू वर्षाच्या लगतची मागची आठ आर्थिक वर्षं पुस्तकं ठेवायची, आणि नुसती पुस्तकं नाहीत, त्यातल्या नोंदींची व्हाउचरसुद्धा. चौकशी लागली तर सरकार आणखी जास्त काळ ठेवायला सांगू शकतं. इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवायला याच कलमात स्पष्ट परवानगी आहे. कसूर झाली तर दंड ५० हजारांपासून ५ लाखांपर्यंत आणि तो व्यवस्थापकीय संचालक किंवा ज्याच्यावर हे काम सोपवलंय त्याला व्यक्तिशः बसतो.

जीएसटी दोघांनाही लागू. तिथे कलम ३६ नुसार त्या वर्षाचं वार्षिक विवरण भरण्याची जी शेवटची तारीख होती, तिथून ७२ महिने. लोक इथे घोळ घालतात, आर्थिक वर्ष संपल्यापासून मोजतात. अपील किंवा चौकशी चालू असेल तर निकाल लागल्यानंतर एक वर्ष किंवा हे ७२ महिने, यातलं जे उशिरा संपेल ते.

आयकराचं: जुन्या कायद्याखालच्या नियम ६ एफ मध्ये संबंधित करनिर्धारण वर्ष (आर्थिक वर्षाच्या लगेच पुढचं वर्ष) संपल्यापासून सहा वर्षं. हा नियम खरं तर डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट वगैरे व्यावसायिकांसाठी आहे, पण व्यापाऱ्यांनाही आम्ही तेवढंच ठेवायला सांगतो. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला तरी आधीच्या वर्षांची प्रकरणं जुन्याच कायद्याने चालतात, त्यामुळे 'आता कायदाच बदलला' म्हणून काही फेकू नका.

उदाहरण घेऊ. २०१९-२० हे वर्ष. त्याच्या जीएसटी वार्षिक विवरणाची मुदत वाढत वाढत ३१ मार्च २०२१ ला गेली होती. त्यात ७२ महिने मिळवा, ३१ मार्च २०२७. आयकराचं करनिर्धारण वर्ष २०२०-२१, ते संपलं ३१ मार्च २०२१ ला, अधिक सहा, पुन्हा ३१ मार्च २०२७. पण कंपनीची आठ वर्षं मोजली तर २०२७-२८ चालू असतानाही २०१९-२० हे मागचं आठवं वर्ष येतं. म्हणजे ३१ मार्च २०२८ पर्यंत हात लावायचा नाही. तीन कायद्यांपैकी जो सर्वांत लांबचा, तो धरायचा.

खारेदाणे:
ताई, सुंदर प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

मोत्याची_आई:
आमच्या सोसायटीच्या खजिनदारांना हा धागा पाठवतेय. ते १९९४ पासूनच्या पाणीपट्टीच्या पावत्या कपाटात ठेवून आहेत आणि किल्ली कोणाला देत नाहीत.

पिंपळगाव_ते_पुणे:
ताळेबंद ताईंशी एका बाबतीत असहमत. पेढीला एवढं लोढणं कशाला? एडिट लॉग, ऑडिट ट्रेल (कुठली नोंद कधी, काय बदलली याचा माग) हे सगळं कंपन्यांसाठी आहे. आमची भागीदारी आहे मार्केट यार्डात, आम्ही साधंच सॉफ्टवेअर वापरतो. चुकलेली एन्ट्री सरळ खोडतो आणि नवी टाकतो. भागीदारी कायद्यात कुठेही वर्षं दिलेली नाहीत.

ताळेबंद:
@पिंपळगाव_ते_पुणे, भागीदारी कायद्यात मुदत नाही हे बरोबर. आणि कंपन्यांच्या लेखा नियमांतली ऑडिट ट्रेलची अट (१ एप्रिल २०२३ पासून सुरू होणाऱ्या वर्षांना लागू झालेली, त्याआधी दोनदा पुढे ढकललेली) तुम्हाला लागू नाही, हेही बरोबर.

पण तुम्ही जीएसटीत आहात ना? मग सीजीएसटी (केंद्रीय जीएसटी) नियम ५६ चा आठवा उपनियम वाचा. नोंद खोडायची नाही, पुसायची नाही, वर दुसरी लिहायची नाही. चूक दुरुस्त करायची असेल तर ती रीतसर दिसेल अशी करायची. आणि हिशेब इलेक्ट्रॉनिक असेल तर बदललेल्या किंवा काढून टाकलेल्या प्रत्येक नोंदीचा लॉग ठेवायचा. हे २०१७ पासून आहे, कंपन्यांच्या ऑडिट ट्रेलच्या कितीतरी आधीपासून, आणि ते मार्केट यार्डातल्या पेढीलाही तितकंच लागू आहे. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने लॉग मागितला तर 'आम्ही कंपनी नाही' हे उत्तर तिथे चालत नाही.

कृपया आजच तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये लॉगची सोय आहे का ते बघा. टॅली वापरत असाल तर त्याची एडिट लॉगवाली आवृत्ती येते, त्यात तो बंदच करता येत नाही.

पिंपळगाव_ते_पुणे:
हा उपनियम माहीत नव्हता. धन्यवाद ताई. सोमवारी मुनीमजींना बसवतो.

दिघीचा_ढग:
मी क्लाउड आणि बॅकअपच्या कामात आहे. भाऊ म्हणतो ते 'ड्राइव्हवर टाकू' याबद्दल लिहितो, कारण इथे कंपनीसाठी अटी स्पष्ट आहेत.

लेखा नियम २०१४, नियम ३. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यात मोठे बदल झाले. आधी बॅकअप 'ठरावीक काळाने' घ्यायचा होता, आता रोज. तो भारतात प्रत्यक्ष असलेल्या सर्व्हरवर हवा, ही अट आधीपासूनच आहे. मूळ डेटा परदेशातल्या क्लाउडवर असला तरी चालतो, पण पुस्तकं भारतात कायम उघडता आली पाहिजेत. ताळेबंद भरताना कंपनी रजिस्ट्रारला दरवर्षी कळवावं लागतं की सेवा देणारा कोण, त्याचा आयपी पत्ता काय, ठिकाण कुठलं. तो परदेशातला असेल तर भारतात ही पुस्तकं कोणाच्या ताब्यात आहेत त्या माणसाचं नाव-पत्ताही द्यायचा.

आता व्यवहारातलं. घरगुती ड्राइव्हचं फुकट खातं म्हणजे बॅकअप नव्हे. ते सिंक होतं. तुमच्या संगणकावर फाइल उडाली की तिकडेही उडते. खंडणीचा व्हायरस आला आणि सगळ्या फायली कुलूपबंद झाल्या, तर कुलूपबंद फायलीच वर चढतात. म्हणून एक प्रत अशी ठेवा की जी रोजच्या जोडणीत नाही.

दुसरं, फाइल आहे म्हणजे ती उघडते असं नाही. चाकणच्या एका वर्कशॉपमध्ये गेलो होतो. २०१४ चा डेटा सीडीवर व्यवस्थित, डबीवर सुवाच्य अक्षरात वर्ष लिहिलेलं. सीडी ड्राइव्ह शोधण्यात अर्धा दिवस. मग कळलं, डेटाला पासवर्ड आहे आणि तो ज्यांना ठाऊक होता ते अकाउंटंट नोकरी सोडून गेले. ज्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिला ते बनवणारी मंडळीही धंद्यातून बाहेर. डेटा समोर आहे, मोजता येतो, वाचता येत नाही. नियम ३ म्हणतो की नोंदी जशा तयार झाल्या त्याच स्वरूपात किंवा तीच माहिती अचूक दाखवेल अशा स्वरूपात ठेवा, आणि वाचता येतील, छापता येतील अशी व्यवस्था ठेवा. तिथे ही अट मोडली होती, आणि कोणी जाणूनबुजून काही केलं नव्हतं.

म्हणून दरवर्षी ऑडिट संपलं की तीन गोष्टी: मूळ डेटा फाइल जशीच्या तशी, सगळ्या खतावण्या आणि रोजकीर्द पीडीएफ-ए मध्ये (दीर्घकाळ जपण्यासाठीच बनवलेलं स्वरूप आहे हे), आणि त्याच आठवड्यात बॅकअप दुसऱ्या मशिनवर उघडून बघणं. शेवटचं कोणी करत नाही.

वकिली_चष्मा:
ढगसाहेबांनी पासवर्डचं लिहिलंय, त्यात भर. सीजीएसटी नियम ५७ नुसार मागणी झाल्यावर फायलींचा तपशील, त्यांचे पासवर्ड आणि आत वापरलेल्या संकेतांचं स्पष्टीकरण देणं ही तुमची जबाबदारी आहे. 'पासवर्ड विसरलो' ही सबब नाही. पासवर्ड लिहून पाकिटात सीलबंद करून बँकेच्या लॉकरात ठेवणारे अशील माझ्याकडे आहेत आणि ते शहाणे आहेत.

आता मूळ प्रश्नातला सर्वांत महत्त्वाचा भाग, जो अजून कोणी घेतला नाही. स्कॅन करून मूळ कागद फेकावा का?

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४ ने इलेक्ट्रॉनिक नोंदीला मान्यता दिली. कलम ७ म्हणतं, कागद जपण्याची कायद्याची अट इलेक्ट्रॉनिक रूपाने पुरी होते, पण ती नोंद पुढे वापरता आली पाहिजे, मूळ स्वरूपात किंवा तितक्याच अचूक स्वरूपात असली पाहिजे, आणि ती कुठून आली, कुठे गेली, कधी आली-गेली हे त्यातून कळलं पाहिजे. व्हॉट्सअॅपवर आलेल्या ऑर्डरचा स्क्रीनशॉट काढून कापून ठेवता तेव्हा नेमकी हीच माहिती तुम्ही कात्री लावून टाकता. पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करा.

मात्र ठेवण्याची अट पुरी होणं वेगळं आणि कोर्टात सिद्ध करणं वेगळं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, दोन भागांचं: एक ज्याच्या ताब्यात संगणक आहे त्याचं आणि दुसरं तज्ज्ञाचं. त्यात फाइलची हॅश किंमत लिहायची, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून गणिताने काढलेली अक्षर-अंकांची ओळ. एक स्वल्पविराम बदलला तरी ती ओळ पूर्ण बदलते. जुन्या कायद्यात हेच ६५ ब होतं. त्यावर सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा महत्त्वाचा निकाल आपल्याच राज्यातला, जालन्याच्या निवडणुकीतला, खोतकर-गोरंट्याल खटला. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रण पुरावा म्हणून घ्यायचं की नाही यावर तो वाद होता, आणि मूळ उपकरण हजर केलं नसेल तर प्रमाणपत्र अनिवार्य, असं न्यायालयाने ठरवलं.

त्यामुळे माझा सल्ला: मुळातच संगणकावर जन्मलेलं बिल (ई-इन्व्हॉइस, मेलवर आलेली पीडीएफ) त्याच रूपात जपा, छापून स्कॅन करू नका. तसं केलंत तर मूळ पुरावा सोडून त्याची सावली धरल्यासारखं होतं. आणि जो कागद सहीने, शिक्क्याने, मुद्रांकाने जिवंत आहे तो कागदच ठेवा. भाडेकरार, कर्जाची कागदपत्रं, वचनचिठ्ठ्या, भागीदारी पत्र, खरेदीखतं. मृत्युपत्र आणि ट्रस्टचे दस्त तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कक्षेतूनच बाहेर ठेवलेत. कंपनीच्या सभांची इतिवृत्तं कायमची. त्यांना आठ वर्षांचं गणित नाही.

रास्तापेठकर:
म्हणजे वडिलांचं निम्मं ऐका.

खारेदाणे:
आणि भावाचं निम्मं. पुण्यात एवढ्या सामोपचाराने मिटलेला हा पहिलाच वाद!

अरण्येश्वर:
कागदच बरा म्हणणाऱ्यांसाठी लिहितोय. २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र आमच्या भागात कोणी विसरलेलं नाही, आंबिल ओढ्याचं पाणी तळमजल्यावर छातीइतकं आलं. आमचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस तळमजल्यावर. लोखंडी कपाट आडवं झालं होतं. बिल्टीची (मालवाहतुकीच्या पावत्यांची) पुस्तकं फुगून कपाटातच घट्ट बसली, दार उघडलं तर खेचून काढावी लागली, आणि हातात आलं ते करड्या लगद्याचं वजन. शाईची बिलं तर धुऊनच गेली. कार्बनच्या प्रतीवरचं बरंचसं वाचता येत होतं, ते घरी दोऱ्यांवर चिमटे लावून वाळवलं.

वाचलं ते फक्त जे एका मित्राच्या आग्रहाने बाहेर बॅकअपला ठेवलं होतं. वकीलसाहेबांनी सांगितलेल्या नियम ५७ मध्येच लिहिलंय की अपघाताने किंवा नैसर्गिक कारणाने नोंदी नष्ट झाल्या तरी वाजवी वेळेत परत उभ्या करता येतील असा बॅकअप हवा. तो नियम वाचला तेव्हा वाटलं, हे लिहिणाऱ्याने ओढ्याकाठचं ऑफिस बघितलं असावं. २०२४ च्या जुलैत सिंहगड रस्त्याला एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा तिथल्या दुकानदारांना मी हेच सांगत होतो. पंचनामा करून घ्या, फोटो काढा, पोलिसांत कळवा, आणि वॉर्डातल्या पंचनाम्याची प्रत सीएकडे द्या. नोंदी का नाहीत हे पुढे कधीतरी विचारलं जातंच.

मोत्याची_आई:
अरण्येश्वर दादा, वाचून पोटात गलबललं. आमच्या आजेसासऱ्यांचं दुकान ६१ च्या पानशेतच्या पुरात असंच गेलं होतं.

नारायणपेठ_३०:
थोडं अवांतर. भोसरीवाले साहेब, त्या लाल बांधणीच्या रोजकीर्दी कुठल्या सालापासूनच्या आहेत? स्वातंत्र्यापूर्वीच्या असतील तर रद्दीचं नावही काढू नका. मोडीत आहेत का? पेशवे दफ्तरात हिशेबाचे कागद भरपूर आहेत आणि त्यांच्यावरूनच तर त्या काळातले भाव, पगार, दळणवळण कळतं. तुमच्या पेढीच्या खतावणीतून रविवार पेठेत खिळ्याचा भाव काय होता, उधारी कोणाला मिळत होती, माल कुठून येत होता हे कळेल. भारत इतिहास संशोधक मंडळात एकदा विचारून बघा. कायद्याची मुदत कधीच संपली असली तरी त्या वह्यांची किंमत आता सुरू झालीय.

भोसरीवाला:
@नारायणपेठ_३०, सर्वांत जुनी वही १९३८ ची आहे, पणजोबांच्या हातची. मोडी नाही, पण अक्षर फार सुरेख. त्या वह्या कुठेही जाणार नाहीत, शब्द देतो.

बाकी सगळ्यांचे मनापासून आभार. आता थोडं अजून विचारतो. आमचा भाऊ म्हणतो, रिटर्न तर पोर्टलवर आहेतच, मग ती आपण कशाला साठवायची?

ताळेबंद:
भावाला माझ्याकडे पाठवा.

जीएसटी नेटवर्कने सप्टेंबर २०२४ मध्ये कळवलं की पोर्टलवर रिटर्न सात वर्षंच दिसतील. जुलै २०१७ चा डेटा त्याआधीच काढलाही होता, मग करदात्यांच्या मागणीवरून परत लावला. आता माझं वरचं उदाहरण बघा. एप्रिल २०१९ चं रिटर्न मे २०१९ मध्ये भरलं. सात वर्षं म्हणजे मे २०२६. तुमची जबाबदारी मात्र जीएसटीत मार्च २०२७ पर्यंत आणि कंपनीत मार्च २०२८ पर्यंत. मधल्या काळात पोर्टल रिकामं आणि नोटीस हातात, अशी वेळ येऊ शकते. पोर्टल हे सरकारचं दफ्तर आहे, तुमचं नाही. दर वर्षी सगळी रिटर्न, २ब (खरेदीवरच्या कर-क्रेडिटचं पोर्टलवरचं विवरण), लेजर, ई-वे बिलं उतरवून घ्या. बँकेच्या स्टेटमेंटचंही तेच.

आणखी एक. पेट्रोल पंप, टोल, हॉटेल यांची थर्मल कागदावरची बिलं वर्षभरात कोरी होतात, उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर तर महिन्यात. ती ज्या दिवशी येतील त्याच दिवशी स्कॅन. तिथे स्कॅन हाच टिकणारा कागद.

दिघीचा_ढग:
आणि स्कॅन म्हणजे 'आयएमजी ००४७' नावाच्या फायलींचा ढीग नव्हे. वर्ष, व्हाउचर क्रमांक, पार्टी, रक्कम असं नाव द्या. शोधायला गेल्यावर सापडलं नाही तर ठेवून उपयोग काय? लेखा नियमांतही साठवण, शोध आणि छपाई अशी तिन्ही मिळून व्यवस्था मागितली आहे.

भोसरीवाला:
ठीक. मग असं ठरवतोय: कंपनीचं २०१८-१९ पासून पुढचं सगळं, कागद आणि डेटा दोन्ही, भोसरीला कारखान्याच्या वरच्या मजल्यावर. पेढीचंही तेवढंच. सह्या-शिक्क्यांचे मूळ दस्त बँकेच्या लॉकरात. विक्रीकराच्या जुन्या काळातली एक केस अपिलात आहे, तिच्या वर्षाला हातच लावायचा नाही. बाकी मुदत संपलेलं स्कॅन करून जाऊ द्यायचं. यात काही राहतंय का?

वकिली_चष्मा:
दोन गोष्टी. जाऊ देण्याआधी यादी करा: कुठलं वर्ष, कोणत्या फायली, कोणत्या तारखेला नष्ट केल्या. कंपनीसाठी संचालक मंडळाचा ठराव, पेढीसाठी सगळ्या भागीदारांच्या सह्या. ही यादी मात्र कायम ठेवायची. पुढे कोणी म्हणालं की मुद्दाम कागद गायब केले, तर हीच यादी उपयोगी पडते.

दुसरं, रद्दीवाल्याला पोती देऊ नका. पगारपत्रकांत कामगारांचे पॅन, आधारच्या झेरॉक्स, बँक खाती असतात. ती उद्या भेळेच्या पुड्याला यायला नकोत. समोर उभं राहून श्रेडिंग करून घ्या. कारखान्यातच छोटं मशीन आणलंत तर उत्तम.

ताळेबंद:
यादीला अनुमोदन. आणि अपिलातल्या केसचा मूळ वर्षापुरताच विचार करू नका. त्या वर्षाची सुरुवातीची शिल्लक ज्या आधीच्या वर्षातून आली, तेही वर्ष ठेवा. सुनावणीत ते हमखास मागतात.

हडपसर_एक्सप्रेस:
धागा उशिरा पाहिला. आमची एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) आहे, कंपनीही नाही आणि साधी भागीदारीही नाही. आम्ही कुठल्या रांगेत?

ताळेबंद:
एलएलपी नियम २००९, नियम २४. पुस्तकं तयार झाली त्या तारखेपासून आठ वर्षं. ऑडिट ट्रेलची कंपन्यांची अट नाही, जीएसटीत असाल तर नियम ५६ चा लॉग आहेच.